काजव्यांची झूल घातलेली म्हैस

मी एक जुनी दगडी पाटी आहे, मित्रांनो, आणि यंदाच्या दसऱ्याला जे घडलं त्यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही. दगडाला धक्का बसत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं तर खुशाल हसा. मला त्या एका दिवसात इतके धक्के बसले की माझ्या चौकटीचा खिळा सैल झाला!

पण आधी माझी ओळख करून देते. मला कोणत्या डोंगरातून काढलं ते आठवत नाही. आठवतो तो भडगावचा बाजार. एका शेतकऱ्याने मला मडक्यासारखं टकटक वाजवून पाहिलं आणि आपल्या मुलीच्या हातात दिलं. तिचं नाव बेबाबाई. तिने माझ्यावर अक्षरं गिरवली, पाढे लिहिले, कोळसा आणि पानं घासघासून मला काळीभोर ठेवलं. गुरुजी तिचं अक्षर साऱ्या वर्गाला दाखवायचे तेव्हा मीच आधी फुगायचे. मग एक दिवस बेबाबाईची शाळा सुटली. मला कोणी विचारलं नाही, आणि तिलाही नाही.

पुढची कितीतरी वर्षं मी पेंडीच्या पिंपावर झाकण म्हणून काढली. म्हशीला पेंड घालायची वेळ झाली की मला उचलायचं, मग दाणकन आदळायचं. माझा एक कोपरा तिथेच उडाला. आपल्यावर कोणी काही लिहीत नसेल तर आपण पाटी आहोत हेसुद्धा हळूहळू विसरायला होतं, मित्रांनो.

मग गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत धुळ्याच्या देवपूरहून भाविका आली. बेबाबाई म्हणजे तिच्या वडिलांची आत्या. घरात सगळे तिला अक्का म्हणतात. भाविका तेव्हा आठवी पास झालेली, सडपातळ आणि इतकी हळू बोलणारी की समोरच्याला दोनदा ‘काय?’ म्हणावं लागायचं. तिने मला पिंपावरून उचललं, फ्रॉकने पुसलं आणि विचारलं, “अक्का, ही नेऊ?”

“ने वं माय,” अक्का म्हणाली. “माले आते काय करनी शे ती?”

अशी मी देवपुरात आले. आणि मला वाटलं होतं तशी गणितं वगैरे करायला नाही बरं का! मला नेलं होतं फासा टाकायला.

झालं होतं असं. भाविकाच्या वर्गातली जीनत आणि तिचा मोठा भाऊ हसनैन यांच्या घरी दर रविवारी एक खेळ चालायचा. त्यांचे अब्बू इसाकभाई गाद्या-रजया भरतात. खाली दुकान आणि वर खोली, तीही गाद्यांनी भरलेली. मुलं गादीवर बसायची आणि फासाही गादीवरच पडायचा. वीस बाजूंचा फासा मऊ गादीवर टाकला की तो रुततो, लोळतच नाही. मग ‘तू बोटाने फिरवलास!’, ‘नाही फिरवला!’ अशी दर वेळी भांडणं. टणक आणि सपाट काहीतरी हवं होतं. ते काहीतरी म्हणजे मी.

खेळ कसला म्हणाल, तर गोष्टीचा. हसनैन गोष्ट सांगायचा. जंगल, किल्ले, राक्षस सगळं त्याच्या वहीत. बाकीच्यांनी एकेक कॅरेक्टर घडवायचं आणि त्या गोष्टीत शिरायचं. तुमच्या कॅरेक्टरला ताकद किती, चपळाई किती, दम किती, शहाणपण किती, अक्कल किती, लोकांवर छाप किती हे आकड्यांत लिहायचं आणि बाकीचं नशीब फाशावर. जीनत धनुष्यबाण चालवायची. शेजारच्या गल्लीतला चंदन तलवारबाज होता. त्याची तलवार जेवढी लांब, त्याहून जीभ लांब.

“भाविका, तू मागे राहा,” आजवर नुसती बघत बसणारी भाविका खेळायला बसली त्या पहिल्याच दिवशी चंदनने सांगून टाकलं. “आम्ही लढतो. आम्हाला लागलं की तू मंत्र म्हणून बरं करायचं. नर्स टाइप.”

भाविका काहीतरी पुटपुटली.

“काय?” हसनैनने कान पुढे केला.

“मला पुढे जायचंय,” ती म्हणाली. “मंत्रही म्हणायचेत आणि मारामारीही करायचीय. रूप बदलून.”

मी तिच्या मांडीवर होते, मित्रांनो. तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, खोटं नाही सांगत.

“मग डायनासोर हो!” चंदन खिदळला.

त्यावर हसनैनने तिथल्या तिथे नियम केला. रूप घ्यायचं तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या प्राण्याचंच. मोबाईलवर पाहिलेला चालणार नाही.

आता धुळ्यात राहणाऱ्या मुलीने काय काय पाहिलेलं असणार? शेळी, माकड, पांझरा नदीच्या काठावरची धामण. वाघ नाही, अस्वल नाही. भाविकाने शेळी निवडली आणि आपले सगळे गुण ताकदीत ओतले. पहिल्याच लढाईत ती शेळी झाली आणि कळलं की रूप बदललं की ताकद आणि चपळाई त्या जनावराची धरायची असते. स्वतःची ताकद गेली वाऱ्यावर. एका रानमांजराने तिला कुंपणावर फेकून दिलं. चंदन गादीवर लोळून लोळून हसला.

कागदावर लिहिणाऱ्यांचं एक असतं. चूक झाली की खोडायचं, खोडलं की कागद फाटायचा. भाविकाने मला उचललं, ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. त्या दिवसापासून मी फाशाची फळी राहिले नाही; त्यासाठी जीनतने स्टीलची ताटली आणली. मी तिचं कॅरेक्टर झाले! माझ्या एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला जनावर. रूप बदलायचं म्हणजे मला उलटं करायचं. पेंडीच्या झाकणाचं हे भाग्य बघा तरी.

दिवाळीत भाविका मला घेऊन भडगावला गेली आणि तिथे तिने जे पाहिलं ते मीही पाहिलं. अक्काची म्हैस नुकतीच व्यायली होती. चार कुत्री पारडाजवळ आली. ही म्हैस म्हणजे सुस्त, दिवसभर रवंथ करणारी, माशीसुद्धा न हाकलणारी. ती उठली. दावं तटकन तुटलं. तिने मान खाली घातली आणि एक कुत्रं चक्क उकिरड्यापलीकडे जाऊन पडलं. बाकीची कधी पळाली ते दिसलंसुद्धा नाही. भाविका ओट्यावर थिजून बसली होती. मग तिने पेन्सिल काढली आणि माझ्या मागच्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘म्हैस’.

त्यापुढे तिने जी जुळणी केली, ती समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथेच आहे. ताकद म्हशीचीच वापरायची, म्हणून स्वतःची ठेवली अवघी आठ. वाचलेले गुण घातले शहाणपणात, कारण मंत्र शहाणपणावर चालतो, आणि दमात. दम कशाला? तर म्हशीला हात नाहीत, जीभ मंत्राला वळत नाही. म्हणून मंत्र आधी म्हणून ठेवायचा, मग रूप बदलायचं आणि तो मंत्र मनात घट्ट धरून मारामारीत घुसायचं. शत्रूचा घाव बसला की फासा टाकायचा. आकडा दमाइतका किंवा खाली आला तर मंत्र टिकला, वर गेला तर सुटला. आणि मंत्र कुठला निवडला तिने? काजव्यांची झूल! हजारो पेटते काजवे अंगाभोवती. हाताच्या अंतरात जो येईल तो भाजणार. दूर उभं राहून त्याचा काडीचा उपयोग नाही, अंगावर जावंच लागतं.

“म्हशीला झूल?” चंदन म्हणाला. “पोळ्याला बैल सजवतात, बावळट!”

पुढच्या लढाईत त्या म्हशीने झूल घालून सहा दरोडेखोर दारातच अडवले. चंदनची बोलती बंद झाली. निदान पाच मिनिटं तरी.

असं करत करत दीड वर्ष गेलं. लढाया जिंकत, एकेक लेव्हल चढत म्हैस नवव्या लेव्हलला पोहोचली. भाविका दहावीत गेली, आणि आता तिला दोनदा ‘काय?’ विचारावं लागत नव्हतं. हात धुवायला सांगितलं तरी ती पूर्ण आवाजात उत्तर द्यायची.

मध्ये एक प्रकरण झालं होतं. चंदन एका रविवारी घरून येताना आपल्या कागदावर तलवारीचा आकडा वाढवून आला. पकडला गेला. तेव्हा सगळ्यांनी शपथ घेऊन नियम केला. खेळ संपताना जे लिहिलेलं असेल तेच पुढच्या वेळी खरं. घरून नवं लिहून आणलं तर ते कॅरेक्टर पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरू. चंदन त्या वेळी मुकाट्याने पहिल्या लेव्हलला गेला आणि चार महिने घासून वर आला. हा नियम सर्वांत जोरात कोणी मांडला होता? भाविकाने.

आणि मग इसाकभाईंनी जळगावला दुकान घ्यायचं ठरवलं. घर हलणार, हसनैन-जीनत जाणार. शेवटचा खेळ दसऱ्याच्या दुपारी तीन वाजता. वाळवीराजाशी लढाई. गावंच्या गावं पोखरून खाणारा तो राक्षस. वर्षभर सगळे त्याच्याच मागावर होते.

दसऱ्याला अक्का भडगावहून आली. सकाळी भाविका आईबरोबर झेंडूची फुलं आणायला गेली, आणि अक्काला मी दिसले. कपाटावर, आकड्यांनी भरलेली. तिने मला ओळखलं. माझ्या तुटक्या कोपऱ्यावरून तिने अंगठा फिरवला. तिचे डोळे भरून आले, मित्रांनो, माझ्यावर तिचं एक टिपूस पडलं. आपली पाटी पोरीने इतकी वापरली!

आणि तिने मला नळाखाली धरलं.

मी ओरडू शकले असते तर सारं देवपूर गोळा झालं असतं. आधी माणूस गेला. मग मला उलटवून म्हैस गेली. ताकद, दम, शहाणपण, काजवे, दीड वर्ष, सगळं मोरीत! अक्काने मला कोळशाने घासलं, पुसलं, उन्हात वाळवलं. मग पाटावर बसून एकेक एकाचा आकडा काढत माझ्यावर सरस्वती रेखली, जशी लहानपणी रेखायची. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. इतकं प्रेम माझ्यावर जन्मात कोणी केलं नव्हतं, आणि इतकी भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती.

भाविका आली. दारातच उभी राहिली. हातातली फुलांची पिशवी खाली पडली.

“पोरी, कितली घान व्हयेल व्हती तुनी पाटी!” अक्का कौतुकाने म्हणाली. “बठ्ठी धोई काढी मी. दसराना दिन शे ना!”

भाविका सांडलेली फुलं ओलांडून माझ्याजवळ आली.

“तुले काय व्हयनं वं? तोंड कसाले पाडं?”

भाविका अक्काकडे बघत राहिली. त्या म्हातारीच्या बोटांना कोळसा लागला होता, कपाळाला थोडं कुंकू लागलं होतं. भाविकाने ओठ दाबले आणि म्हणाली, “छान काढलीस गं सरस्वती.” मग ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. मला ऐकू येत होतं.

दुसऱ्या कागदावर लिहून नेलं असतं तर? नियम होता. पहिली लेव्हल. वाळवीराजाच्या पहिल्याच फुंकरीत ती मेली असती. आणि पुजलेल्या पाटीवर उद्यापर्यंत लिहायचं नाही, ते तर अक्काने दोनदा सांगितलं.

तीन वाजता भाविका मला ताटात ठेवून, कुंकू सांडणार नाही अशी तोलत इसाकभाईंच्या जिन्यावरून वर गेली. तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

“हे काय झालं?” हसनैन कसाबसा म्हणाला.

भाविकाने सगळं सांगितलं. अक्काचा दोष नाही हेही सांगितलं.

“मग लेव्हल एक,” चंदन म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “काय? माझ्या वेळी नियम आणि आता सूट? चार महिने उंदीर मारत फिरलोय मी!”

“चंदन, आज शेवटचा खेळ आहे,” जीनत म्हणाली.

“म्हणूनच!”

“तो बरोबर बोलतोय,” भाविका म्हणाली. “नियम मीच मांडला होता. मला सूट नको. पण मला पहिल्या लेव्हलला पाठवण्याआधी सगळं एकदा म्हणू दे. तुम्ही तिघं ऐका. एक जरी आकडा चुकला तर मी इथे बसून नुसती बघीन.”

हसनैनने चंदनकडे पाहिलं. चंदनने खांदे उडवले.

भाविका डोळे मिटून म्हणू लागली. “ताकद आठ. चपळाई बारा. अक्कल दहा. शहाणपण अठरा. छाप नऊ. दम पंधरा. झूल दिवसातून दोनदा.”

हसनैन एकेक आकडा वहीत टिपत होता.

“पंधरा काय गं, सोळा!” चंदन एकदम ओरडला. “सहाव्या लेव्हलला एक वाढवला नाहीस का? पुलाखालच्या लढाईनंतर! मी सांगत होतो शहाणपणात टाक, शहाणपणात टाक, ऐकलंस का तू? आणि झूल दिवसातून तीनदा, दोनदा नाही. हसनैन, लिही रे तीनदा!”

मग तो थांबला. आपण काय बोललो ते त्याला आत्ता कळलं. त्याच्याइतका चकित झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

“तुला पाठ आहे?” भाविकाने विचारलं.

“पाठ कशाला?” तो कान खाजवत म्हणाला. “दीड वर्ष तुझ्या मागे उभा राहून लढतोय. पुढच्याला किती दम आहे ते बघायला नको?”

“पण तिचा आकडा चुकला,” जीनत हळूच म्हणाली. “तिनेच सांगितलं होतं, एक जरी चुकला तर...”

आता काय! मी ताटात गारठले.

“चुकला तो स्वतःच्या तोट्याचा,” चंदन म्हणाला. “घरून वाढवून आणणाऱ्यासाठी नियम होता. ही बाई कमी करून आणते! हिच्यासाठी आपल्याकडे नियमच नाही. बरोबर ना, हसनैन?”

हसनैनने वही उघडली. “वाळवीराजा जमिनीतून वर येतोय,” तो म्हणाला. “कोण पुढे आहे?”

“मी,” भाविका म्हणाली. “आधी झूल. आणि मग...”

तिचा हात मला उलटवायला पुढे आला आणि थबकला. सरस्वती पालथी कशी घालणार? म्हैस कशी होणार? सगळे तिच्याकडे बघत होते. भाविका उठली. गाद्यांच्या चळतीसमोर उभी राहिली, दोन हात डोक्याशी शिंगांसारखे धरले, मान खाली घातली आणि अशी हंबरली, अशी हंबरली, की खाली दुकानात इसाकभाईंचं शिलाई मशीन बंद पडलं.

“अरे क्या हुआ?” जिन्यातून आवाज आला.

“कुछ नहीं अब्बू! भैंस है!” जीनत ओरडली.

पुढचा तासभर फासा स्टीलच्या ताटलीत खणखणत होता. झूल दोन घाव टिकली. तिसऱ्या घावाला भाविकाने फासा टाकला आणि आकडा आला एकोणीस. काजवे विझले. सगळे. मघापासून चमकणारी ती म्हैस नुसती काळी म्हैस राहिली. मंत्र नाही, अंगात जिवाचे गुण उरलेले चार, आणि समोर वाळवीराजा.

“मागे ये,” चंदन म्हणाला. ओरडला नाही, विनवलं. “भाविका, मरशील. मी जातो पुढे.”

“तुझ्यात जीव किती उरलाय?”

“दोन.”

“मग गप बस माझ्या मागे,” भाविका म्हणाली आणि साध्या शिंगांनी धडक मारली.

वीस! वार करताना मोठा आकडा चांगला, आणि विसाच्या वर तर आकडाच नाही.

हसनैनने हळूच वही मिटली. “मेला,” तो म्हणाला. “वाळवीराजा मेला. संपली आपली गोष्ट.” कोणीच उड्या मारल्या नाहीत. चौघं गादीवर एकमेकांना टेकून बसून राहिले, निरोप कसा घेतात ते कोणालाच ठाऊक नसल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने माझ्यावरची फुलं उतरवली. भाविका फडकं घेऊन आली, पण तिला सरस्वती पुसवेना.

“पुस,” अक्का म्हणाली. “पुसशी नई ते लिखशी कसं?”

भाविकाने पुसलं. मग काय वाटलं कोण जाणे, तिने अक्काला सगळी हकिकत सांगितली. त्या आकड्यांचं काय होतं, म्हैस कोण होती, नळाखाली काय वाहून गेलं. अक्काने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं आता ती रडेल. पण मला काल पुरेसे धक्के बसले नव्हते बहुतेक!

“मनी म्हैस?” अक्का म्हणाली. “मनी म्हैसनी राक्षस मारा?” आणि मग पदर सावरून, जरा पुढे सरकून, “माले बी एक बनाडी दे ना. माले घार व्हनं शे.”

“अक्का, उडायला आठवी लेव्हल लागते,” भाविका म्हणाली. “पहिलीपासून सुरू करावं लागेल.”

“मंग चढाव ना माले आठवीलगून. माले कुठे जानं शे?”

मित्रांनो, तुमच्या घरात, माळ्यावर, फडताळामागे किंवा एखाद्या पिंपावर माझी एखादी बहीण पडली असेल. तिला खाली काढा. वर्षातून एकदा तिला फुलं वाहिलीत तर तिला आवडेल, पण दुसऱ्या दिवशी तिच्यावर लिहा. चुकलं तर पुसा, पुन्हा लिहा. पुसलं गेलं म्हणून आम्हाला वाईट वाटत नाही, कोरं ठेवलं की वाटतं. आणि कृपा करून थुंकी लावून पुसू नका. फडकं ओलं करायला किती वेळ लागतो?

आता पुरे करते. अक्काने पेन्सिल हातात घेतली आहे, घारीला दम जास्त हवा की चपळाई यावर दोघींचं जोरात भांडण जुंपलं आहे, आणि मला अजून एकही आकडा मिळालेला नाही.